सुरी, सुई कीं सबुरी?

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. मुलुंडच्या आमच्या घरीं संध्याकाळचा दिवा लागला होता. आईची जपमाळ चालू होती. बाहेरच्या खोलींत वहिनी नेहमींप्रमाणें पांच-सहा मुलींना गाणें शिकवीत होत्या. अशा वेळीं दादा हातांत एक कागद घेऊन दारांत येऊन उभे राहिले. चेहरा अगदीं उतरलेला. त्यांच्या कचेरीतर्फे दरवर्षीं पतिपत्नींची आरोग्यतपासणी होते. तींत वहिनींच्या गळ्याची सोनोग्राफी झाली होती. उजव्या बाजूस सात मिलीमीटरांची एक गांठ दिसली, तिच्यांतून बारीक सुईनें पेशी काढून तपासण्यांत आल्या, आणि त्या तपासणीचा हा अहवाल होता. पॅपिलरी कर्करोग, आणि खालीं ‘बेथेस्डा वर्ग ६’. दादांनीं तो आंकडा वाचला मात्र, आणि त्यांची अशी समजूत झाली कीं, रोगाच्या चार पायऱ्या असतात असें आपण ऐकतों, आणि हा तर सहाव्या पायरीवर गेला!

त्या रात्रीं आमच्या घरीं कोणी जेवलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत घाटकोपरचे मामा, अंधेरीची मावशी, सर्वांना वार्ता कळली होती, आणि सर्वांचें मत एकच होतें: ‘कापून टाका म्हणजे झालें.’ एका रुग्णालयांत चार दिवसांनंतरची तारीखहि मिळाली; सबंध ग्रंथि काढून टाकण्याचें ठरलें. या साऱ्या धांदलींत वहिनी मात्र गप्प होत्या. निजण्यापूर्वीं त्यांनीं मला एकच प्रश्न विचारला, “भाऊजी, माझा आवाज राहील ना?”

घरांतील कोणालाहि याचें उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधण्यासाठीं आम्हीं ती तारीख पुढें ढकलली, तीन डॉक्टरांना भेटलों, आणि मीं मिळेल तें वाचलें. मी वैद्य नव्हे. तरी या खटाटोपांत जें कळलें तें इतर घरांनाहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

आंकड्याचा घोटाळा

प्रथम तो ‘सहा’ निस्तरूं. बेथेस्डा हें अमेरिकेंतील एका गांवाचें नांव आहे. तेथें २००७ सालीं भरलेल्या परिषदेंतून गळ्याच्या गांठींतील पेशींचा अहवाल कसा लिहावा याची एक पद्धति ठरली. तिच्यांत सहा वर्ग आहेत. पहिला वर्ग म्हणजे पेशी पुरेशा मिळाल्या नाहींत. दुसरा म्हणजे गांठ निरुपद्रवी. मधले तीन संशयाचे. आणि सहावा म्हणजे कर्करोग असल्याबद्दल तपासणाराची जवळजवळ खात्री आहे. तेव्हां हा आंकडा रोग किती वाढला हें सांगत नाहीं, तपासणाराची खात्री किती हें सांगतो. रोगाची पायरी निराळी मोजतात. वहिनींचें वय तेव्हां बावन्न होतें. थायरॉइडच्या या जातीच्या कर्करोगांत पंचावन्न वर्षांच्या आंतील रोग्यास, रोग दूरच्या अवयवांत गेलेला नसेल तर, पहिल्याच पायरीवर धरतात. दादा ज्याला सहावी पायरी समजून रात्रभर जागले, ती वस्तुतः पहिली होती.

येथें आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सुईनें काढलेल्या पेशी ज्या कांचेवर पसरतात ती कांच रोग्याच्या नातलगांना मागून घेतां येते आणि दुसऱ्या प्रयोगशाळेंत पुन्हां वाचून घेतां येते. परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि तेथील विकृतिशास्त्राचें काम डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारख्या विद्वानानें उभें केलें. मुंबईला कांच वाचणाऱ्यांची परंपरा अशी जुनी आहे. बोरिवलीहून प्रभादेवी काय, मुलुंडहून परळ काय, लोकलच्या एका फेरीचें काम. एवढ्या श्रमानें निदान पक्कें होत असेल तर ते अवश्य घ्यावे.

गळ्यांतील फुलपांखरूं

थायरॉइड ही ग्रंथि गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खालीं, श्वासनलिकेवर पंख पसरून बसलेल्या फुलपांखरासारखी असते. वजन फार तर दीड-दोन तोळे. शरीराचा अग्नि मंद ठेवावयाचा कीं तीव्र, हें तिच्या रसावर अवलंबून असतें. तिच्या दोन्ही पंखांच्या मागून आवाजाचे बारीक मज्जातंतु वर जातात, आणि तेथेंच भाताच्या दाण्याएवढ्या चार उपग्रंथि रक्तांतील कॅल्शियम सांभाळीत बसलेल्या असतात. या जागेवर शस्त्र चालवावयाचें म्हणजे शेजारच्या या दोन्ही गोष्टी जपणें आलें. वहिनींच्या प्रश्नाचें मूळ येथेंच होतें.

या ग्रंथींत होणाऱ्या कर्करोगांपैकीं दहांतील सुमारें आठ पॅपिलरी जातीचे असतात. ही जात बहुधा फार संथ. त्यांतहि गांठ एक सेंटीमीटर किंवा त्याहून लहान असेल, तर पुष्कळदां ती वर्षानुवर्षें जागची हालत नाहीं. फिनलंडमध्यें १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, इतर कारणांनीं मृत्यु पावलेल्या १०१ जणांच्या थायरॉइड ग्रंथि बारकाईनें कापून पाहिल्या. त्यांपैकीं ३६ जणांत असे सूक्ष्म कर्करोग सांपडले. त्या मंडळींना जन्मभर त्याचा पत्ता नव्हता.

मग आपण होऊन शोधूं गेल्यास काय होतें, याचा धडा दक्षिण कोरियानें जगाला दिला. तेथें निरोगी माणसांच्या गळ्याची सोनोग्राफी थोड्या पैशांत होऊं लागली. परिणाम असा झाला कीं, १९९३ च्या मानानें २०११ सालीं थायरॉइडच्या कर्करोगाचें प्रमाण पंधरा पट झालें. त्या एका वर्षांत चाळीस हजारांवर लोकांना तो असल्याचें सांगण्यांत आलें. परंतु या रोगानें मरणाऱ्यांचें प्रमाण होतें तेवढेंच राहिलें! जवळजवळ सर्वांच्या गळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकीं शेंकडा अकरांच्या कॅल्शियमच्या उपग्रंथि दुखावल्या, आणि शेंकडा दोघांचे स्वरतंतु लुळे पडले. २०१४ सालीं तेथल्याच कांहीं डॉक्टरांनीं याविरुद्ध जाहीरपणें आवाज उठविला, तेव्हां वर्षभरांत शस्त्रक्रियांची संख्या शेंकडा पस्तिसांनीं खालीं आली.

सुरी

असें असलें तरी सुरीची निंदा करणें कृतघ्नपणाचें होईल. एका काळीं या ग्रंथीवरील शस्त्रक्रिया म्हणजे मृत्यूला आमंत्रण समजत. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शस्त्रवैद्य थिओडोर कोखर यांनीं ती कला इतकी सुधारली कीं, रोगी दगावणें हा अपवाद झाला; त्यांना १९०९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु त्यांच्या मोठेपणाची खरी खूण दुसरीच आहे. सबंध ग्रंथि काढलेल्या आपल्या जुन्या रोग्यांना त्यांनीं पुन्हां बोलावून तपासलें, तेव्हां बहुतेक जण सुजलेले, मंद, थकलेले दिसले. ही गोष्ट त्यांनीं १८८३ सालीं स्वतः होऊन जगापुढें मांडली आणि निरुपद्रवी रोगांत सबंध ग्रंथि काढणें सोडून दिलें. पुढें या ग्रंथीचा रस ओळखला गेला, आणि तो कृत्रिम रीतीनें बनवितां येऊं लागला. आज सबंध ग्रंथि काढलेला मनुष्य रोज सकाळीं रिकाम्या पोटीं एक गोळी घेऊन सामान्य आयुष्य जगतो. मात्र ती गोळी जन्माची सोबतीण होते.

लहान गांठीसाठीं आतां बहुधा एकच पंख काढतात. दुसरा राहिल्यानें कित्येकांना गोळीची गरज पडत नाहीं. आणि ट्रॉम्बेच्या अणुभट्टींतून येणारें किरणोत्सर्गी आयोडीन, जें देण्यासाठीं परळला १९६३ सालीं रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालें, तें अशा लहान गांठींना सहसा लागत नाहीं. ‘कर्करोग म्हणजे किरणें, किरणें म्हणजे केंस जाणें’ ही सांखळी येथें लागू नाहीं, हें घरांतील वडील माणसांना मुद्दाम सांगावें.

सबुरी

जपानांतील कोबे शहरांत कुमा रुग्णालय म्हणून थायरॉइडच्याच रोगांना वाहिलेलें एक रुग्णालय आहे. तेथील डॉ. अकिरा मियाउची यांनीं १९९३ सालीं एक धाडसी सूचना केली: एक सेंटीमीटरच्या आंतील आणि कोणतेंहि वाईट चिन्ह नसलेली गांठ लगेच कापूं नये, ठरावीक मुदतीनें सोनोग्राफी करून तिच्यावर नजर ठेवावी, वाढलीच तर तेव्हां कापावी. अशा १२३५ रोग्यांचा वृत्तांत २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत शेंकडा आठांच्या गांठी तीन मिलीमीटर वा अधिक वाढल्या. शेंकडा चारांहून कमी जणांना गळ्यांतील लसिकाग्रंथींत रोग दिसला. ज्यांना मागाहून शस्त्रक्रिया करावी लागली त्यांचें उशीर झाल्यामुळें नुकसान झालें नाहीं, आणि एकहि मनुष्य या रोगानें दगावला नाहीं. विशेष म्हणजे उतारवयांत या गांठी अधिकच शांत असतात. तरुणांत वाढण्याचा संभव त्या मानानें जास्त.

याच रुग्णालयानें पुढें, २०१६ सालीं, लगेच शस्त्रक्रिया केलेल्या ९७४ आणि नजरेखालीं ठेवलेल्या ११७९ रोग्यांची तुलना केली. पहिल्या गटांत शेंकडा ६६ जणांना थायरॉइडची गोळी चालू होती, दुसऱ्यांत शेंकडा २१ जणांना. तात्पुरता आवाज बसण्याचें प्रमाण पहिल्यांत शेंकडा चार, दुसऱ्यांत शेंकडा एकाहूनहि कमी. आणि थायरॉइडच्या कर्करोगानें मृत्यु मात्र दोन्हींकडे शून्य.

तेव्हां सबुरी म्हणजे हयगय नव्हे. तें नेमानें करावयाचें व्रत आहे. आरंभीं दर सहा महिन्यांनीं आणि पुढें वर्षानें सोनोग्राफी, तीहि शक्य तों एकाच जाणत्या हातून, आणि मागचे सर्व अहवाल एकत्र ठेवून. ज्याच्यानें हा नेम पाळवणार नाहीं त्यानें या वाटेस जाऊं नये.

सुई

परंतु सर्वांनाच असें थांबणें साधत नाहीं. कित्येकांना ‘गळ्यांत कर्करोग आहे’ या जाणिवेनें झोंप लागत नाहीं. कित्येकांचें हृदय भूल सोसण्याजोगें नसतें. अशांसाठीं सुरी आणि सबुरी यांच्यामधली तिसरी वाट निघाली आहे: गांठ न कापतां जागच्या जागीं जाळणें. याला रेडिओफ्रीक्वेन्सी अ‍ॅब्लेशन असें नांव आहे. लेझर आणि मायक्रोवेव्ह हीं याच कामाचीं दुसरीं साधनें. निरुपद्रवी गांठींवर ही पद्धति आधीं रुळली. मागाहून ती निवडक लहान कर्करोगांसाठीं वापरूं लागले.

तिची रीत अशी. रोग्याच्या खांद्यांखालीं उशी देऊन मान मागें झुकवितात. गळ्याची कातडी तेवढी बधिर करतात. रोगी शुद्धीवर असतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, गळ्याच्या मध्यभागाकडून, एक बारीक पोलादी सुई गांठींत नेतात. सुई टोंकाखेरीज सर्वत्र वेष्टित असते, म्हणून जाळण्याचें काम टोंकाशींच होतें. तिच्यांतून अतिशय वेगानें दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला कीं टोंकाभोंवतींचे कण थरथरूं लागतात, त्यांच्या घर्षणानें उष्णता उत्पन्न होते, आणि साठ अंशांवर गेल्यावर पेशी मरतात. पडद्यावर त्या जागीं पांढरा ढग उठलेला दिसतो. सुईचें टोंक थोडेंथोडें सरकवीत डॉक्टर सबंध गांठ आणि तिच्या भोंवतालची थोडी निरोगी कडहि जाळून घेतात.

मग आवाजाचा मज्जातंतु कसा वांचतो? गांठ आणि तंतु यांच्यामध्यें आधीं साखरेचें पाणी, म्हणजे शेंकडा पांच डेक्स्ट्रोज, टोंचून एक पाण्याची भिंत उभी करतात. मिठाचें पाणी वापरीत नाहींत, कारण त्यांतून वीज वाहते. शिवाय मधूनमधून रोग्याला बोलावयास लावतात. स्वर जरा फिरला कीं हात थांबतो. काम उरकल्यावर बहुधा त्याच दिवशीं घरीं जातां येतें. टांका नाहीं, गळ्यावर व्रण नाहीं, आणि ग्रंथि शाबूत राहिल्यामुळें गोळीचीहि सहसा गरज नाहीं. जळलेली गांठ शरीर कांहीं महिन्यांत हळूहळू शोषून घेतें.

फळ काय? कोरियांतील सोल येथें अशा ७४ रोग्यांच्या ८४ गांठी जाळून त्यांच्यावर पांच वर्षांहून अधिक काळ नजर ठेवण्यांत आली. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांताप्रमाणें एकहि गांठ पुन्हां वाढली नाहीं, आणि रोग लसिकाग्रंथींत पसरला नाहीं. आवाज बदलण्याची तक्रार मात्र अगदींच झाली नाहीं असें नाहीं. म्हणून या कामांत हाताची संवय हेंच मुख्य भांडवल समजावें.

आतां दुसरी बाजू. सुरीनें काढलेली गांठ प्रयोगशाळेंत जाते व तिची संपूर्ण तपासणी होते. जाळलेल्या गांठीची ती होत नाहीं. शेजारच्या लसिकाग्रंथींत सूक्ष्म रोग असेल तर सुईला तो दिसत नाहीं. शस्त्रक्रियेच्या पाठीशीं शतकाहून अधिक काळाचा अनुभव आहे. सुईच्या पाठीशीं त्या मानानें थोडा. आणि सुईनंतरहि सोनोग्राफीचा नेम सुटत नाहीं. ‘एकदांचें जाळलें आणि विसरलों’ असें म्हणतां येत नाहीं.

कोणी या वाटांस जाऊं नये

सबुरी आणि सुई या दोन्ही वाटा थोड्यांसाठींच आहेत. गांठ एक सेंटीमीटरच्या आंत असावी; ती श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या तंतूला लागून नसावी; ग्रंथीच्या बाहेर फुटलेली नसावी; लसिकाग्रंथींत रोग नसावा; आणि जात पॅपिलरीच, तीहि सौम्य, असावी. मेड्युलरी म्हणून थायरॉइडच्या कर्करोगाची दुसरी एक जात आहे, जी कांहीं घराण्यांत वंशपरंपरेनें येते. तिला या वाटा मुळींच लागू नाहींत. गांठ झपाट्यानें वाढत असेल, आवाज कारणावांचून घोगरा झाला असेल, गिळतांना अडखळत असेल, तर एक दिवसहि दवडूं नये.

आमच्या बोरिवलीच्या आत्तेबहिणीची गांठ तर वहिनींच्या गांठीहूनहि एक मिलीमीटर लहान होती. परंतु ती मागच्या बाजूस, अगदीं तंतूच्या शेजारीं बसली होती. तिला डॉक्टरांनीं सुई आणि सबुरी दोन्ही नाकारलीं व उजवा पंख काढला. तीन आठवड्यांत ती आपल्या शाळेंत शिकवूं लागली. तिच्यासाठीं सुरीच बरोबर होती. गांठ किती मोठी एवढ्यावरच निर्णय होत नाहीं; ती बसली कोठें आहे हेंहि पाहावें लागतें, तें असें.

गळा कोणाचा?

वहिनींची गांठ पंखाच्या मधोमध, तंतूपासून आणि श्वासनलिकेपासून दूर होती. तिसऱ्या डॉक्टरांनीं, जे स्वतः शस्त्रवैद्य आहेत, कागदावर चित्र काढून तिन्ही वाटा समजावून दिल्या आणि म्हणाले, “घाई नाहीं. महिनाभर विचार करा.” दादा लगेच म्हणाले, “काढूनच टाका, डॉक्टर. आम्हांला जोखीम नको.” तेव्हां वहिनी प्रथमच बोलल्या. “जोखीम दोन्हींकडे आहे ना? मग कोणती घ्यावयाची तें मला ठरवूं द्या. गळा माझा आहे.”

परत येतांना लोकलमध्यें कोणी फारसें बोललें नाहीं. त्या रात्रीं दादा माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, “मला तिच्या गळ्याची काळजी होती, कीं माझ्या झोंपेची, हेंच कळेनासें झालें आहे.” मला वाटतें, एकत्र कुटुंबांत अशा प्रसंगीं हाच घोटाळा होतो. दहा माणसांची माया एकवटते, तिच्याबरोबर दहा माणसांचें भयहि एकवटतें. आणि त्या भयाच्या समाधानासाठीं जिच्या अंगावर शस्त्र चालणार तिला विचारावयाचें राहून जातें.

वहिनींनीं सबुरी पत्करली. आईंनीं प्रथम तोंड फिरविलें. पण पुढें दर सहा महिन्यांच्या तारखेची आठवण त्याच करून देऊं लागल्या. गांठ वाढली, किंवा मनाला धीर राहिला नाहीं, तर सुईचा आणि सुरीचा दरवाजा उघडा आहे, हें सर्वांना माहीत आहे. आतांपर्यंत चार सोनोग्राफी झाल्या. चारहि वेळां गांठ सातच मिलीमीटर. दादांनीं ते चारहि अहवाल एका फायलींत क्रमानें लावून ठेवले आहेत.

वाचकांना दोनच गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, गळ्याची कांहीं तक्रार नसतां, घराण्यांत हा रोग नसतां, आणि लहानपणीं गळ्यावर किरणोपचार झालेले नसतां, केवळ ‘पॅकेजमध्यें आहे’ म्हणून गळ्याची सोनोग्राफी करवूं नये. अमेरिकेच्या सरकारनें नेमलेल्या तज्ज्ञमंडळानेंहि २०१७ सालीं निरोगी माणसांत या रोगाची शोधमोहीम करूं नये असाच निर्णय दिला आहे. मुंबईच्या स्त्रियांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. काळजीच घ्यावयाची तर ती प्रथम तिकडे घ्यावी. दुसरी, अशी गांठ निघालीच तर डॉक्टरांना पांच प्रश्न विचारावेत: गांठ किती मिलीमीटरांची? नेमकी कोठें? लसिकाग्रंथि स्वच्छ आहेत काय? थांबलों तर काय पाहाल आणि केव्हां? सुई किंवा सुरी वापरणारानें अशीं कामें किती केलीं आहेत? हीं उत्तरें कागदावर उतरून घ्यावीत, घरीं सर्वांनीं वाचावीत, आणि मग निर्णय जिचा गळा तिच्यावर सोंपवावा.

हा लेख लिहीत असतां बाहेरच्या खोलींत मुलींचा वर्ग चालू आहे. एक मुलगी वरच्या षड्जाला पुन्हां पुन्हां चुकते आहे, आणि वहिनी तो स्वर तिला पुन्हां पुन्हां लावून दाखवीत आहेत.